चाकाला साखळी: चिखलातली आणि बर्फातली

(या भागाचं शब्दांकन खाली देत आहोत. बोलणं श्रीरामपुरातल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात रेकॉर्ड केलं. ग्राइंडरचे आवाज काढलेत, बोलण्याची ढब तशीच ठेवलीय. मापं वाचताना चुकू नयेत म्हणून ती अंकांत दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. श्रीरामपुरात बसून हा माणूस बर्फावर बोलणार! इथं बर्फ बघायचा तर रसवंतीच्या पेटीत, नाहीतर गारपीट झाल्यावर. पण दिवाळी झाली की माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात आणि दोघांची मागणी एकच असते. "चाकाला लावायची साखळी बनवून द्या." एक असतो ऊसवाला. त्याची ट्रॉली वावरात रुतलेली असते. दुसरा असतो उत्तरेला निघालेला. कुणी माल घेऊन जाणारा ड्रायव्हर, कुणी घरच्यांना घेऊन मनाली-काश्मीरला स्वतःच्या गाडीनं जाणारा.

पहिल्याला मी साखळी लगेच बनवून देतो. दुसऱ्याला आधी विचारतो, गाडी कोणती? काहींना बनवून देतो आणि काहींना सरळ नाही म्हणतो. नाही म्हटलं की माणूस नाराज होतो. "तुम्ही ट्रॅक्टरला करता, मग माझ्या कारला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचं बोलणं. साखळी घरी कशी करायची तेही सांगतो, आणि कुठं करायची नाही तेही सांगतो.

आधी आपला चिखल

आपला भाग तुम्हाला माहीत आहे. प्रवरेचे कालवे, काळी जमीन, ऊस. हरेगावचा कारखाना ब्रिटिशांच्या काळातला, तिकडं प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालचा. म्हणजे ऊस वाहून न्यायची कसरत इथं चार पिढ्यांची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोड सुरू होते आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस गाठतो. वाफसा आलेला नसतो, पण कारखान्याची तोड आलेली असते. तोडीला "थांब" म्हणता येत नाही. मग भरली ट्रॉली वावरातून काढायची.

काळ्या मातीचं वैशिष्ट्य काय? पाणी प्यायली की फुगते, आणि टायरच्या नक्षीत जाऊन बसते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला त्या मोठ्या तिरक्या पट्ट्या असतात बघा, त्यांच्या मधली जागा मातीनं भरली की टायर गुळगुळीत. लोण्याचा गोळा फिरावा तसं चाक जागेवर फिरतं आणि खड्डा करत खाली जातं. साखळी बांधली की काय होतं? साखळीच्या कड्या टायरच्या वर उभ्या राहतात. मातीनं भरलेल्या टायरला नवी नक्षी मिळते, आणि चाक फिरताना कड्या हलत राहतात म्हणून माती त्यांच्यात टिकत नाही. शिवाय खाली पाचट टाकलं की साखळी त्या पाचटाला धरते. चाक चार फूट पुढं गेलं तरी बस असतं. एकदा ट्रॅक्टर हलला की हलला.

भाताच्या भागात यासाठी केजव्हील वापरतात, लोखंडी पिंजऱ्याचं चाक. त्याचं काम वेगळं. ते वजन पसरवतं आणि चिखल कालवतं. ते लावून डांबरी रस्त्यावर मात्र जायचं नसतं, रस्ता उखडतो. साखळीचंही तसंच आहे, वावराच्या बांधावर आलो की सोडायची.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की चिखलात साखळी तुटली तर काय होतं? ट्रॅक्टर थांबतो. जागेवर थांबतो. चिखल स्वतःच ब्रेक आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण बर्फात याच्या बरोबर उलटं होतं.

बर्फात काय बदलतं

चिखलात गाडी रुतते, बर्फावर गाडी सुटते. एवढा एक फरक समजला तरी निम्मं काम झालं.

थोडा हिशोब करू. गाडी ताशी ३० किलोमीटरनं चालली आहे आणि तुम्ही ब्रेक मारला. कोरड्या डांबरावर ती साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच गाडीला १७-१८ मीटर लागतात. आणि रात्री वितळून पहाटे गोठलेला जो काचेसारखा थर असतो, त्यावर ३५ मीटर. हे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर आहे, तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं वेगळं. म्हणजे ३० च्या वेगाला, जो आपल्याला गल्लीतला वेग वाटतो, गाडी तीन बसच्या लांबीएवढी घसरत जाते. घाटात ३५ मीटरमध्ये एक वळण येऊन जातं.

चढाचंही बघा. मागची चाकं ओढणारी गाडी असेल आणि निम्मं वजन मागं असेल, तर त्या काचेसारख्या बर्फावर १०० मीटरला ५ मीटरचा चढसुद्धा तिला जड जातो. इंजिन कितीही ताकदीचं असू द्या. ताकद इंजिनात असते, पण ती रस्त्याला लागते तळहाताएवढ्या जागेतून. टायर जमिनीला टेकतो तेवढाच.

आणखी एक. लोकांना वाटतं जितकी थंडी जास्त तितका बर्फ निसरडा. तसं नाही. शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त घातक, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी ऊन पडलं, बर्फ चमकायला लागला, सगळे फोटो काढायला उतरले, तीच वेळ गाडी सुटायची.

साखळी इथं काय करते? लोखंडाच्या कड्या वजनाखाली बर्फात रुततात, त्याला कोरतात. रबर जिथं नुसतं बसतं तिथं लोखंड दात लावतं. एवढंच तत्त्व आहे. यात नवीन काहीच नाही. मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा अमेरिकेत लोक चाकाला दोर आणि वेली गुंडाळून चिखल-बर्फातून गाडी काढायचे. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड नावाच्या माणसानं साखळीची जाळी केली आणि १९०४ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे बघा, घरगुती जुगाड आधी आला आणि कंपनीचा माल नंतर. त्यामुळं घरी साखळी करणं हे काही अडाणीपणाचं काम नाही. फक्त वीडनं दोराची साखळी का केली, तिला चाकावर सैल का ठेवली, हे समजून केलं पाहिजे.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, शाळेच्या सहलीत पुष्कळांनी पाहिलं असेल. तिथं गेलात तर रणगाड्याचा पट्टा नीट बघा. चाकाला साखळी बांधण्याऐवजी चाकांनाच साखळीवर चालवलंय. १ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या सैन्यानं स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे झोजी ला खिंडीत चढवले होते, ११ हजार फुटांच्या वर. तिथं इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्याला वाटलंच नव्हतं.

आता बनवायची कशी

उदाहरणाला बोलेरो घेऊ. आपल्याकडं भरपूर आहेत, मागची चाकं ओढतात, आणि मागं टायरच्या आजूबाजूला जागा मोकळी असते. टायरवर आकडा असतो, २१५/७५ आर १५. याचा अर्थ टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर बाजूची उंची, आणि आत १५ इंची डिस्क. हिशोब केला की टायरचा व्यास येतो ७० सेंटिमीटर आणि घेर सुमारे २ मीटर २१ सेंटिमीटर.

साखळी शिडीसारखी असते. दोन गोल कडी-साखळ्या, एक टायरच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला. या शिडीच्या दोन बाजू. आणि टायरच्या माथ्यावरून आडव्या जाणाऱ्या पायऱ्या.

बाजूची साखळी टायरच्या गालाच्या मध्यावर बसायला हवी. तिथला घेर येतो साधारण १ मीटर ७०. आडवी पायरी सुतळीनं मोजा. गालाच्या मध्यापासून माथ्यावरून पलीकडच्या गालाच्या मध्यापर्यंत, ३५ ते ३८ सेंटिमीटर भरेल. आकड्यावर विसंबू नका, तुमच्या टायरवर सुतळी लावूनच मोजा. झिजलेला टायर आणि नवा टायर यात फरक पडतो.

पायऱ्या किती? इथं बरेच जण कंजुषी करतात. आठ लावतात. मग होतं काय, टायरचा टेकलेला भाग असतो वीतभरापेक्षा कमी, आणि दोन पायऱ्यांमध्ये अंतर फूटभर. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात चाक थोडा वेळ साखळीवर आणि थोडा वेळ नुसत्या रबरावर. गाडी धक्के खात जाते, आणि ज्या क्षणी रबर खाली असतं त्याच क्षणी ब्रेक लागला तर साखळी असून नसल्यासारखी. मी १८ पायऱ्या लावतो. माथ्यावर दर १२ सेंटिमीटरला एक. कायम एक तरी जमिनीला लागलेली राहते.

माल म्हणाल तर ६ एमएमची, आखूड कडीची साखळी. एका चाकाला १० मीटरच्या आसपास लागते, वजन ८ किलोपर्यंत जातं. दोन चाकांचे १६ किलो. ट्रकला ८ किंवा १० एमएम, आणि मागं जोडचाकं असतील तर निदान बाहेरच्या चाकांना.

आता जोड. हे माझं खातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पायरी बाजूच्या साखळीला जोडायला लोक कडी कापतात, अडकवतात आणि वेल्डिंगचा टाका मारतात. दिसायला छान. पण टाक्याच्या शेजारची जागा पटकन तापून पटकन गार झालेली असते, ती कडक आणि ठिसूळ होते. थंडीत तिचा ठिसूळपणा वाढतो. कडीला दर फेऱ्यात एक झटका बसतो. एका किलोमीटरला या टायरचे साडेचारशेच्या वर फेरे होतात, म्हणजे प्रत्येक टाक्याला साडेचारशे झटके. दहा किलोमीटरमध्ये साडेचार हजार. आपण मारलेला टाका तेवढे झटके सोसेल की नाही, हे बघायची जागा बर्फातला घाट नव्हे. आणि साखळी जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो तो छातीत जातो, रात्री ताप भरतो. पोरांना सांगा, तसं करू नका.

त्यापेक्षा ८ एमएमच्या गजाचे आकडे वाकवा, साखळीत अडकवा आणि घनानं तोंड पूर्ण मिटवा. आकड्याचं मिटवलेलं तोंड बाहेरच्या बाजूला राहिलं पाहिजे, टायरकडं नाही. टायरकडं राहिलं तर ते गाल कापतं. टायरचा माथा जाड असतो, गाल पातळ. गालाला चीर पडली की तो टायर गेला, पंक्चरवाला काही करू शकत नाही.

आतल्या बाजूची साखळी बंद करायला आकडा, बाहेरच्या बाजूला डी-शॅकल. शॅकलच्या खिळ्याला बारीक तार बांधा, नाहीतर थरथरून तो सुटतो. आणि ताण द्यायला? जुनी ट्यूब. ट्रकच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा, दोन्ही टोकांना आकडे लावा, आणि बाहेरच्या साखळीला फुलीसारख्या ताणून बसवा. रबर सैलपणा ओढून घेतं आणि साखळीला थोडं हलूही देतं. साखळी थोडी हलली पाहिजे, सरकली पाहिजे. एकाच जागी घट्ट आवळली तर ती रबरात घुसते. चार पट्ट्या जास्तीच्या ठेवा, थंडीत रबर तडकतं.

मोटारसायकलची जुनी चेन आणून देणारे बरेच असतात. "चांगल्या लोखंडाची आहे," म्हणतात. लोखंड चांगलं आहे, पण ती चेन एकाच दिशेला वाकते. टायरवर बसायला साखळी सगळीकडं वळली पाहिजे. ती चेन आडवी पडली की धारेचं काम करते. ती आणू नका.

चाचणी इथंच घ्यायची

बनवली, डिकीत टाकली आणि निघालो, असं नाही. गाडी जॅकवर घ्या, साखळी बसवा, चाक हातानं सावकाश पूर्ण फिरवा. आत डोकावून बघा. ब्रेकचा पाइप, शॉकअबची नळी, मडगार्डचं आतलं प्लास्टिक, कुठं घासतंय का? मग गाडी खाली घेऊन मागं माणसं बसवा, कारण वजन पडलं की गाडी खाली बसते आणि जागा कमी होते. मग कच्च्या वाटेवर शंभर पावलं चालवा, थांबा, उतरा, परत ताणा. साखळी पहिल्या शंभर मीटरमध्ये हमखास सैल पडते.

आणि बसवायची सवय अंधारात करून बघा. हातमोजे घालून. इथं उजेडात दहा मिनिटं लागत असतील तर तिथं गारठलेल्या बोटांनी अर्धा तास लागतो. बर्फ सुरू व्हायच्या आधीच, सपाट जागेवर, रस्ता सोडून बसवायची. चाकांना गोटे लावून. चढावर गाडी घसरायला लागल्यावर चाकाखाली हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

कारला मी नाही का म्हणतो

आता मूळ प्रश्न. बोलेरोला चालतं ते छोट्या कारला का नाही?

उत्तर एका शब्दाचं आहे, जागा. बाजारातली साखळी, जी ६ एमएमच्या गजाची असते, तिची कडी प्रत्यक्षात दोन सेंटिमीटर रुंद असते. आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या साखळीत एक कडी आडवी, एक उभी. टायरवर ती चपटी पडत नाही, खडबडीत उभी राहते. बर्फासाठी मुद्दाम केलेल्या साखळीच्या कड्या पिळलेल्या असतात, त्यामुळं ती चपटी बसते. छोट्या कारची तर मुद्दाम पातळ करतात, ९ किंवा १२ एमएममध्ये बसणारी.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारची पुढची चाकं ओढतात. म्हणजे साखळी पुढं लावायची. आणि पुढं काय आहे? शॉकअब टायरला चिकटून, ब्रेकचा पाइप तिथंच, एबीएसची वायर तिथंच. शिवाय ती चाकं वळतात. सरळ चाकाला घासलं नाही म्हणून खूश व्हाल, आणि पहिल्या वळणाला साखळी ब्रेकचा पाइप पकडेल. चिखलात साखळी तुटली तर ट्रॅक्टर थांबतो, असं मघाशी म्हणालो. इथं साखळीनं ब्रेकचा पाइप तोडला तर गाडी थांबतच नाही. उताराला, बर्फावर, मागं पोरंबाळं बसलेली.

म्हणून छोट्या कारवाल्याला मी सांगतो, तुमच्या टायरच्या आकड्याची तयार साखळी घ्या, तीसुद्धा गाडीच्या पुस्तकात चालते असं लिहिलं असेल तर. किंवा सगळ्यात सोपं, वरच्या पट्ट्यासाठी तिथली गाडी करा. काश्मिरात टंगमर्गला गाडी लावून गुलमर्गला जातात, तिथले ड्रायव्हर पाच मिनिटांत साखळी चढवतात. रोजचा हात आहे त्यांचा. १३ किलोमीटरसाठी आपली गाडी आणि आपला जीव पणाला लावायचं कारण नाही. जास्त बर्फ पडला की पोलीसच सांगतात, फोर बाय फोर किंवा साखळीवाल्याच गाड्या सोडू. ते ऐकायचं, हुज्जत घालायची नाही.

हे आता जास्त सांगावं लागतं, त्याला कारण आहे. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग बंद म्हणजे बंद. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, ९ किलोमीटरचा. आता सपाटीवरची कोणतीही गाडी, कोणत्याही टायरवर, १० हजार फुटांवर थेट बर्फात जाऊन उभी राहते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या मध्ये शेकडो गाड्या अडकल्या, पोलिसांना लोक बाहेर काढावे लागले. रस्ता सोपा झाला, बर्फ तोच राहिला.

साखळी लावून चालवायची कशी

थोडक्यात सांगतो. घरची साखळी असेल तर वेग २० च्या आत. कंपनीच्या साखळीलासुद्धा सहसा ५० ची मर्यादा असते. रस्ता कोरडा दिसला की काढायची, डांबरावर साखळीही तुटते आणि रस्ताही.

साखळी ओढणाऱ्या चाकांना लावायची. पण एक लक्षात ठेवा, मागं लावली तर पुढची चाकं अजून घसरतात, वळण घेताना गाडी सरळ जायला बघते. पुढं लावली तर उताराला ब्रेक मारल्यावर मागचा भाग फिरतो. चारही चाकांना लावली तर उत्तम. दोन चाकांना लावली असेल तर साखळी नाही असं समजूनच चालवायची. खालचा गिअर, पाय हलका, पुढच्या गाडीत आणि आपल्यात एसटी थांब्याएवढं अंतर. ज्या गिअरनं चढला त्याच गिअरनं उतरा. साखळी चढवते, म्हणून माणूस धाडस करतो. उतरवताना तीच साखळी तेवढी साथ देत नाही.

दोन-तीन प्रश्न

मागच्या भागाखाली काही जणांनी विचारलं होतं.

एक जण विचारतात, साखळीच नसेल आणि अडकलो तर दोर चालेल का? चालेल, बाहेर पडण्यापुरता. काथ्याचा जाड दोर, डिस्कच्या भोकांमधून टायरवर गुंडाळायचा, पाच-सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी वेगळी गाठ. एकच लांब दोर गुंडाळू नका, एक जागा तुटली की सगळा सुटून एक्सलमध्ये गुंततो. आत ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, ते चाक हातानं फिरवून बघायचं. आणि शे-दोनशे मीटर, माणसाच्या चालीनं. नायलॉनचा दोर नको, तो ओला झाला की बर्फावर स्वतःच घसरतो. गोणपाट, पायपुसणं, राख, वाळू, चाकाखाली जे मिळेल ते टाका. आपल्या पाचटासारखंच.

दुसरा प्रश्न, मीठ टाकलं तर? शून्याच्या थोडं खाली असेल तर बर्फ वितळतो. उणे दहाच्या खाली मिठाचा फारसा उपयोग नाही. आणि वितळलेलं पाणी रात्री परत गोठतं.

तिसरा, बुलेटला साखळी बनवून द्याल का? नाही. दोन चाकांवर बर्फात तोल जायला साखळी लागत नाही आणि तोल सावरायला ती पुरत नाही.

शेवटचं, आणि महत्त्वाचं

साखळी असून, नसून, कधी गाडी अडकतेच. त्या वेळी काय करायचं, हे साखळीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी एका रात्रीत प्रचंड बर्फ पडला, गाड्या रस्त्यात अडकल्या, आणि वीसहून जास्त माणसं गाड्यांमध्येच मेली. लहान मुलंसुद्धा होती. ती कुठं दरीत पडली नव्हती. गाडीत बसून होती, कुणी गारठून गेलं, कुणी गुदमरून.

गुदमरून का? सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजतं. आत हिटर चालू, काचा बंद. धूर बाहेर जात नाही, गाडीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोप येते आणि माणूस उठत नाही.

म्हणून डिकीत साखळीसोबत एक फावडं ठेवा. आपलं साधं, शेतातलं, दांडा कापून लहान केलेलं. गाडी अडकली की पहिलं काम, सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. मग इंजिन तासातून दहा मिनिटं चालवायचं, तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. तोंड परत बुजलं का, ते दर वेळी उतरून बघायचं. एकानं जागं राहायचं. घोंगड्या, पाणी, गूळ-शेंगदाणे, बॅटरी, एवढं गाडीत असू द्या. गाडी सोडून बर्फात चालत निघू नका, शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

दुकानात येणाऱ्याला मी हेच सांगतो. बोलेरो, जीप, ट्रक, ट्रॅक्टर घेऊन या, मापं घेऊ, दोन दिवसांत साखळी देतो, आणि गाडीवर बसवून, फिरवून दाखवल्याशिवाय पैसे घेत नाही. छोटी कार असेल तर चहा पिऊन जा, पण साखळी मागू नका. आणि फावडं मात्र कोणतीही गाडी असू द्या, घेऊन जा. त्याचा दांडा मी फुकट कापून देतो.

पुढच्या भागात उसाच्या ट्रॉलीचा हूक आणि त्याची खीळ यावर बोलू. रस्त्यावर ट्रॉली सुटते ती बहुतेक वेळा एवढ्याशा खिळीमुळं. तोवर प्रश्न असतील तर पाठवा. रामराम.